बोअर कितीचा मारायचा, कॉम्प्रेशन किती ठेवायचं? इंजिनकामाला गाडी लावण्याआधी हे गणित समजून घ्या

गाडी धूर मारायला लागलीय. ऑइल कुठं जातंय कळत नाही. डबलसीट चढ आला की चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर यावं लागतंय. मग लातूरच्या औसा रोडवरचं गॅरेज असो नाहीतर नांदेडच्या वजिराबादमधलं, उस्ताद दोन किक मारतो, सायलेन्सरच्या तोंडाला हात लावतो आणि निकाल देतो,

"भाऊ, कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन उघडावं लागतंय."

इथपर्यंत ठीक असतं. खरा घोळ याच्यानंतर सुरू होतो. एक मित्र सांगतो, इंजिन उघडलंच आहे तर मोठा पिस्टन टाक. दुसरा सांगतो, हेड जरा घासून घे, कॉम्प्रेशन वाढलं की गाडी पळती. तिसरा रील दाखवतो, त्यात कुणीतरी शंभर सीसीच्या गाडीत भलताच पिस्टन बसवलेला असतो.

यातलं खरं काय आणि कशानं इंजिन सहा महिन्यांत परत टेबलावर येतं? एकेक करून बघू.

दोन वेगळ्या गोष्टी, नाव मात्र एकच

सगळ्यात पहिला गोंधळ शब्दाचा आहे. उस्ताद म्हणतो "कॉम्प्रेशन गेलंय", तेव्हा तो दाबाबद्दल बोलत असतो. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. रिंगा झिजल्या, बोअर घासला किंवा वॉल्व्ह नीट बसत नसेल तर हा दाब गळतो. गाडी ओढत नाही.

मित्र म्हणतो "कॉम्प्रेशन वाढव", तेव्हा तो कॉम्प्रेशन रेशोबद्दल बोलत असतो. पिस्टन एकदम खाली असताना वर जेवढी जागा असते आणि पिस्टन एकदम वर आल्यावर जेवढी उरते, त्या दोघांचं हे प्रमाण. ९:१ म्हणजे नऊ वाट्या मिश्रण दाबून एका वाटीत बसवलं.

दाब गेलेला असतो तो गळतीमुळं. रेशो मात्र कंपनीनं दिला होता जवळपास तेवढाच असतो. म्हणजे आजार एका गोष्टीचा आणि औषध दुसऱ्याच गोष्टीचं, असं होऊन बसतं.

गळती नेमकी कुठून आहे हे इंजिन न उघडता कळू शकतं. इंजिन गरम असताना प्लग काढून तिथं कॉम्प्रेशन गेज लावायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारायच्या आणि आकडा लिहून ठेवायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत तेच करायचं. आकडा चांगला वाढला तर गळती रिंग-बोअरमधून आहे, कारण ऑइलनं फट तात्पुरती बुजली. आकडा तिथंच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गास्केट बघा. वॉल्व्हचा दोष असताना नवा पिस्टन टाकला तर पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

आता गणित, तेही स्प्लेंडरचं

आपल्याकडं गावोगाव दिसणारी गाडी म्हणजे स्प्लेंडर, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. तिचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. यातून येतं ९७.२ सीसी. हिशोबापुरता रेशो ९:१ धरू. मग पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा होते साधारण १२.१५ सीसी.

बाजारात ओव्हरसाइज पिस्टन सहसा चार टप्प्यांत मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर. बऱ्याच पिस्टनच्या माथ्यावर हा आकडा कोरलेला असतो. हे टाकल्यावर काय होतं ते बघा. वरची जागा आणि पिस्टनचा आकार तोच आहे असं धरलंय.

- ०.५० चा पिस्टन: ९९.१ सीसी, रेशो साधारण ९.१६
- १.०० चा पिस्टन: १०१.१ सीसी, रेशो साधारण ९.३२

म्हणजे थेट शेवटच्या साइजचा पिस्टन टाकला तरी सीसी वाढतात चार टक्के आणि रेशो वाढतो फक्त तीन दशांश. सीटवर बसून हा फरक कळणं अवघड आहे. "मोठा पिस्टन टाकल्यावर गाडी पळायला लागली" असं वाटतं, कारण गळती बंद झालेली असते. शून्य पंचवीसनंही तेच झालं असतं.

आता दुसरा प्रकार. बोअर ५० मिलिमीटरच ठेवला, पण ब्लॉकचा माथा लेथवर फक्त अर्धा मिलिमीटर कमी केला. वरच्या १२.१५ सीसी जागेतली जवळपास एक सीसी गेली. रेशो झाला ९.७. पूर्ण एक मिलिमीटर काढला तर थेट १०.५.

इथंच लोक फसतात. मोठा पिस्टन धोक्याचा वाटतो आणि "जरा घासून घे" हे किरकोळ वाटतं. रेशोच्या बाबतीत प्रत्यक्षात उलटं आहे. माथ्यावरचा अर्धा मिलिमीटर हा बोअरच्या एक मिलिमीटरपेक्षा दुपटीनं जास्त रेशो वाढवतो. शिवाय ब्लॉक खाली आला की पिस्टन वॉल्व्हच्या जवळ जातो आणि कॅमची चेन थोडी सैल होऊन टायमिंगही सरकतं.

एवढं करून मिळतं किती?

रेशो वाढवला की त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं, हे खरं आहे. पुस्तकी सूत्रानं ९ चा १० केला तर फायदा येतो साधारण ३ टक्के. स्प्लेंडरची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास आहे. म्हणजे हातात पडली पाव हॉर्सपॉवर. चेनला ऑइल, टायरमध्ये बरोबर हवा आणि साफ एअर फिल्टर एवढ्यावर दुर्लक्षित गाडीत यापेक्षा मोठा फरक जाणवू शकतो.

मग धोका कशाचा आहे?

नॉकिंगचा. प्लगनं ठिणगी टाकली की आग एका बाजूनं पसरत जायला पाहिजे. पण मिश्रण जास्त दाबलं, जास्त तापलं, की कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण आग पोचायच्या आधीच स्वतःहून भडकतं. त्या धक्क्याचा आवाज बाहेर येतो बारीक पत्र्यावर वाजवल्यासारखा, किटकिट. वरच्या गिअरमध्ये, कमी स्पीडला, ओझं असताना एकदम थ्रॉटल दिला की तो जास्त ऐकू येतो.

हे चालू राहिलं की पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांच्या मधल्या भिंती तुटतात आणि शेवटी पिस्टनला भोक पडतं. प्लग काढून बघितला तर पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे तुमचा पिस्टनच असतो.

आणि इथं मराठवाड्याचा उन्हाळा हिशोबात येतो. मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ वर जातो. डिसेंबरच्या दुपारी समजा २८ असतो. फरक १५ अंशांचा. पण इंजिन ही हवा दाबतं तेव्हा ९:१ रेशोला हा फरक साधारण दुप्पट होतो. म्हणजे ठिणगी पडायच्या आधीच आतलं मिश्रण हिवाळ्यापेक्षा तीसेक अंश जास्त तापलेलं असतं. वर एअरकूल इंजिन, ज्याला थंड करायला तीच गरम हवा.

त्यात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं. दुपारी दोन वाजता, दोघं बसलेले, मागं बॅग, समोरून वारा आणि थ्रॉटल न सोडता दीड-दोन तास. जानेवारीत शहरात फिरवून "मस्त चालतीय" म्हणून पास केलेलं इंजिन या रस्त्यावर मे महिन्यात नापास होतं. म्हणून रेशो ठरवताना वर्षातला सगळ्यात वाईट दिवस धरायचा.

पेट्रोलचं काय? आता तर ई२० आलंय

नॉकिंगला पेट्रोल किती दाद देत नाही ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळतं. बीएस६ च्या साध्या पेट्रोलसाठी तो किमान ९१ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानं सांगितलं की ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत जातो. कारण शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन साधारण १०८.५ आहे.

हे ऐकून बऱ्याच जणांना वाटतं, मग तर रेशो वाढवायला मोकळं रान. पण याला दुसरी बाजू आहे.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे ई२० ला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत सेन्सर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र जेट तोच, त्याचं भोक तेच. त्याला काही कळत नाही. परिणाम, मिश्रण लीन होतं, म्हणजे गरजेपेक्षा हवा जास्त होते आणि इंजिन जास्त तापतं.

थोडक्यात, ई२० एका हातानं नॉकिंगपासून वाचवतं आणि दुसऱ्या हातानं जुन्या गाडीला तापवतं. त्यामुळं जुन्या गाडीचं इंजिनकाम करताना कार्ब्युरेटर साफ करणं, प्लगचा रंग बघून गरज असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकणं आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलणं, हे रेशो वाढवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. प्लग पांढराफटक दिसत असेल तर मिश्रण लीन आहे, फिकट विटकरी दिसला तर बरोबर आहे.

पण ड्यूकचा रेशो तर साडेबाराच्या आसपास असतो, ती कशी चालते?

बरोबर प्रश्न आहे. केटीएम ३९० ड्यूक आपल्याच चाकणला बनते आणि आपल्याच पंपावरच्या पेट्रोलवर चालते. पण तिथं रेडिएटरमधून पाणी फिरतं, पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची ते कॉम्प्युटर ठरवतो आणि वरच्या जागेचा आकार त्याच हिशोबानं घडवलेला असतो. रेशो हा त्या सगळ्या घडणीचा एक भाग आहे.

बुलेटचं बघा. ३४६ सीसीच्या यूसीई इंजिनाचा रेशो ८.५:१ होता. २०२० मध्ये मिटिओरपासून आलेल्या ३४९ सीसीच्या नव्या इंजिनात तो ९.५:१ झाला. पण त्यासाठी कंपनीनं फक्त हेड घासलं नाही. बोअर ७० चा ७२ केला, स्ट्रोक ९० वरून ८५.८ वर आणला, पुशरॉड काढून कॅम वर नेला. रेशोतला एक आकडा अख्ख्या नव्या इंजिनाबरोबर आला. लेथवर अर्ध्या तासात तोच एक आकडा वाढवताना बाकीचं सगळं जुनंच राहतं.

मग पिस्टन निवडायचा कसा?

आता कामाचं. खालच्या गोष्टी क्रमानं केल्या तर चूक व्हायची शक्यता बरीच कमी होते.

१. आधी मोजा, मग साइज ठरवा. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यायचं. घासलेला भाग ज्या साइजमध्ये साफ निघतो, ती सगळ्यात लहान साइज घ्यायची. ०.२५ मध्ये काम होत असेल तर १.०० कशाला? प्रत्येक साइज म्हणजे या ब्लॉकचं एक आयुष्य आहे. पहिल्याच कामात शेवटची साइज मारली तर पुढच्या वेळी स्लीव्ह किंवा नवा ब्लॉकच घ्यावा लागतो.

२. पिस्टन आधी विकत घ्या, बोअर नंतर मारा. पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्या मापाला बोअर मारायचा. छोट्या गाड्यांत पिस्टन आणि बोअरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. फट कमी पडली तर पिस्टन तापून फुगतो आणि जॅम होतो. जास्त झाली तर खडखड करतो आणि परत ऑइल पितो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

३. रोजच्या गाडीला कास्ट पिस्टन पुरतो. फोर्ज्ड पिस्टन मजबूत असतो, पण बहुतेक वेळा तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला फट जास्त ठेवावी लागते. सकाळी थंड इंजिनाला तो वाजतो. रेसच्या गाडीला तो ठीक, पण दूध घालायला आणि ऑफिसला जायच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

४. फक्त व्यास जुळला म्हणून दुसऱ्या गाडीचा पिस्टन घेऊ नका. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि माथ्याचा आकार, सपाट, फुगीर की खोलगट, हेही जुळलं पाहिजे. पिस्टन अर्धा मिलिमीटर उंच निघाला तर ब्लॉक न घासताच रेशो तेवढाच वाढला. वॉल्व्हसाठीचे खड्डे जागेवर नसतील तर पहिल्याच किकला वॉल्व्ह वाकू शकतो.

५. रिंगांची फट तपासा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजतात. ५० मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. फट फार कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकाला टोक भिडतं आणि बोअरवर ओरखडे पडतात.

६. माथ्यावरची खूण बघून पिस्टन बसवा. "आयएन" किंवा बाण कुठल्या बाजूला ठेवायचा ते मॉडेलप्रमाणं बदलतं.

७. कोटिंगवाला ब्लॉक असेल तर बोअर मारूच नका. ड्यूकसारख्या गाड्यांत सिलिंडरला आतून निकासिलचा कडक थर असतो. तो काढला की काम संपलं. तिथं कंपनीचा ब्लॉक-पिस्टन जोडीनं बदलावा लागतो.

आणि तयार इंजिनाचा खरा रेशो किती आला हे बघायचं असेल तर मेडिकलमधून १० मिलिलिटरची सिरिंज आणा. इंजिन टेबलावर प्लगचं भोक वर येईल असं ठेवायचं, पिस्टन पूर्ण वर आणायचा, दोन्ही वॉल्व्ह बंद ठेवायचे आणि भोकातून ऑइल मोजून भरायचं. प्लगच्या आट्यांमधली जागा वजा केली की उरलेली सीसी म्हणजे वरची जागा. इंजिनाचे सीसी अधिक ही जागा, भागिले ही जागा. झाला रेशो.

आरसीवर काय लिहिलंय तेही बघा

घासलेला बोअर कंपनीच्याच ओव्हरसाइजमध्ये आणणं ही दुरुस्ती झाली. पण वेगळ्या मॉडेलचा ब्लॉक बसवून शंभरची गाडी सव्वाशेची केली, तर आरसीवरची नोंद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलाला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणं मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाटी एमएच-२४ असो की एमएच-२६, नियम सारखाच. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

आणि मुळात बोअर घासला कशानं?

बहुतेक वेळा धुळीनं आणि ऑइलकडं केलेल्या दुर्लक्षानं. कच्च्या रस्त्याची बारीक धूळ फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून आत गेली की ती रिंग आणि बोअरच्या मध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. आवाज भारी येतो म्हणून फिल्टर काढून गाडी फिरवणारे तर स्वतःच्या हातानं बोअर घासत असतात. फिल्टर तोच जुना ठेवून नवा पिस्टन टाकला तर तो पिस्टनही त्याच वाटेनं जाणार.

काम झाल्यावर सुरुवातीचे ५०० किलोमीटर गाडी दमादमानं चालवा. एकाच स्पीडला तासन्‌तास नको, ओझं नको, उन्हात लांबचा पल्ला नको. रिंगा बोअरला बसतात त्या याच काळात. मग ऑइल बदला, कारण सुरुवातीला घासून निघालेला धातूचा चुरा त्यातच असतो.

तेव्हा पुढच्या वेळी उस्तादानं विचारलं, "भाऊ, बोअर कितीचा मारू?" तर उत्तर सोपं आहे: "जेवढ्यात साफ निघतोय तेवढ्याचाच. हेडला आणि ब्लॉकच्या माथ्याला हात लावू नका, कार्बन मात्र सगळा काढा, आणि फिल्टर नवा टाका."

रस्त्यावरच्या गाडीला कॉम्प्रेशन वाढवायचं नसतं, गेलेलं परत आणायचं असतं.